धाकट्याची पाठराखण

समजा, एका घरात राणी नावाची सहा वर्षांची कुत्री आहे. त्या घरात दोन महिन्यांचे एक पिल्लू आणले आणि त्याचे नाव बंड्या ठेवले. पहिले काही दिवस राणी त्याच्यावर गुरगुरली. मग ती त्याला चाटू लागली आणि महिनाभरात दोघे एकाच गोणपाटावर झोपू लागले. आज बंड्या सात महिन्यांचा आहे. संध्याकाळी दोघांना फिरायला नेले आणि समोरून एखादे कुत्रे आले, की राणी बंड्याच्या पुढे जाऊन उभी राहते. तिच्या मानेवरचे केस उभे राहतात, शेपूट ताठ होते, आणि समोरचे कुत्रे आणखी जवळ आले तर ती त्याच्या अंगावर धावून जाते. ते बिचारे खेळायच्या बेतात असले तरी राणीला त्याने काही फरक पडत नाही. 'आईच झाली आहे ती त्याची', असे घरची मंडळी कौतुकाने सांगत होती. पण एके दिवशी शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा कान फाटला आणि कौतुकाची जागा काळजीने घेतली.

उदाहरण कल्पित असले, तरी शहरांत आणि गावांतही दोन कुत्री पाळणाऱ्या अनेकांना ते ओळखीचे वाटेल. येथे दोन प्रश्न उभे राहतात. राणी असे का वागते? आणि तिचे हे वागणे आवरायचे कसे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे. 'का' हे नीट न समजता केलेले उपाय बहुधा उलटतात.

एका 'का'चे चार प्रश्न

प्राण्यांच्या वर्तनाविषयी 'का' असे विचारताना आपण एका शब्दात अनेक प्रश्न कोंबत असतो. हे निको टिंबर्गन या डच वर्तनशास्त्रज्ञाने १९६३ साली स्पष्ट करून दाखवले. (पुढे १९७३ साली कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) टिंबर्गन यांच्या मते कोणत्याही वर्तनाबद्दल चार वेगवेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. या वर्तनाचा प्राण्याला उपयोग काय? ते उत्क्रांतीच्या ओघात कोठून आले? या प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत गेले? आणि या क्षणी ते कशामुळे सुरू होते व कशामुळे टिकते? राणीच्या वागण्याला हेच चार प्रश्न लावून पाहू.

गल्लीतली एकत्र कुटुंबे

उपयोगाचा प्रश्न सोडवायचा तर घरातल्या कुत्र्यांपेक्षा रस्त्यावरची कुत्री पाहणे अधिक सोयीचे. तेथे पिल्ले कोणी वाढवायची, कोणी राखायची हे माणूस ठरवत नाही. या बाबतीत आपल्या देशात मोलाचे काम झाले आहे. कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे 'आयसर'मध्ये, अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करत आहेत. त्यांनी ९५ वेतांतील ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. त्यांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली, असे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. जी मेली त्यांतील सुमारे ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. कोठे वाहनाखाली सापडून, कोठे विष घातल्याने, तर कोठे कोणी उचलून नेल्याने ती गेली.

पाचातले एखादेच पिल्लू जगणार असेल, तर राखणीला किती किंमत येते ते सांगायला नको. ही राखण एकटी आई करत नाही. मानबी पॉल आणि अनिंदिता भद्र यांनी पाच वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध २०१८ साली प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच भारतीय एकत्र कुटुंबाची आठवण करून दिली. आईखेरीज इतर माद्या, ज्या बहुधा पिल्लांच्या नात्यातल्या असतात, आणि काही नरही पिल्लांची काळजी घेतात असे त्यांना दिसले. नरांचा वाटा मुख्यतः पिल्लांशी खेळण्यात आणि त्यांची राखण करण्यात होता. त्याआधी सुनीलकुमार पाल यांनीही २००५ साली पश्चिम बंगालमधील कुत्र्यांविषयी अशाच नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. आई अन्न शोधायला गेली असता काही नर पिल्लांजवळ थांबत. परके कुत्रे आले तर भुंकून, प्रसंगी अंगावर जाऊन ते त्याला हुसकत. पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत हा पहारा चाले.

यातच दुसऱ्या, म्हणजे उत्क्रांतीच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. कुत्रा लांडग्यापासून आला आणि लांडग्यांचा कळप म्हणजे मुख्यतः एक कुटुंब असते. त्यात आईबाप असतात, यंदाची पिल्ले असतात आणि आदल्या वर्षांतली मोठी भावंडेही असतात. ही भावंडे धाकट्यांना अन्न आणून देतात, त्यांच्याजवळ थांबतात. भावंडांत निम्मी जनुके समान असतात. त्यामुळे धाकट्याला जगवणे म्हणजे आपल्याच जनुकांच्या प्रती पुढे पाठवणे होय. नातलगांना केलेल्या मदतीचा हा हिशेब ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली गणिताने मांडला.

नाते नसताना

आता वाचक विचारतील, की राणी आणि बंड्या यांचे तर काहीच नाते नाही. बंड्या दुसऱ्याच कुठल्या कुत्रीचा. मग हॅमिल्टन यांचा हिशेब येथे कसा लागू होतो?

प्राण्याला जनुके दिसत नाहीत, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. निसर्गनिवडीने प्राण्याला जनुके मोजायचे यंत्र दिलेले नाही, एक ढोबळ नियम दिला आहे. तो असा, की ज्यांच्याबरोबर राहतोस, झोपतोस, ज्यांचा वास रोजचा आहे, ते आपले. रानात हा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो, कारण तेथे सोबत राहणारे नातलगच असतात. माणसाच्या घरात तोच नियम परक्या पिल्लालाही 'आपले' करून टाकतो.

याचा उत्तम पुरावा मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांकडून मिळतो. अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून अशा कुत्र्यांचा अभ्यास केला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले होते, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात पिल्लू ज्यांच्या सहवासात असते त्यांच्याशी त्याचे सामाजिक नाते सहज जुळते. कॉपिंजर यांनी सांगितले, की या वयात पिल्लू मेंढ्यांमध्ये वाढवले तर मेंढ्याच त्याचे सोबती होतात. मोठेपणी ते कळपाबरोबर हिंडते आणि कोणी परका प्राणी आला की मध्ये पडते. आपल्याकडील धनगरांच्या वाड्यावरची कुत्री पाहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूल गावाजवळच्या मिडल आयलंड या छोट्या बेटावर तर पेंग्विन राखायला मारेम्मा जातीची कुत्री ठेवण्यात आली. कोल्ह्यांच्या हल्ल्यांमुळे २००५ साली तेथे दहाहूनही कमी पेंग्विन दिसत होते. २००६ पासून कुत्री ठेवल्यावर त्यांची संख्या पुन्हा वाढली. पेंग्विनच्या बाबतीत हे घडू शकते, तर बंड्याच्या बाबतीत घडले यात नवल काय?

अर्थात राणीला बंड्या मिळाला तो तिच्या सहाव्या वर्षी. बालपणीचा तो नाजूक काळ तिच्या बाबतीत केव्हाच संपला होता. पण तो काळ संपला म्हणजे नाते जुळण्याचे दार बंद होते असे नाही, ते अधिक सावकाश उघडते इतकेच. महिनाभर रोजचा शेजार, एकत्र झोप आणि खेळ यांनी ते उघडले. मोठ्या वयातही कुत्र्यांमध्ये अशी जवळीक निर्माण होण्यात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा हात असतो, असे जपानी शास्त्रज्ञांच्या २०१४ सालच्या प्रयोगावरून दिसते. तो तिसरा प्रश्न, म्हणजे वर्तन घडण्याचा, येथे संपतो.

राखणीलाही मुदत असते

येथवरचे वाचून वाटेल, की राणी स्वभावधर्माप्रमाणेच वागते आहे, मग तिला का अडवायचे? याचे उत्तर पुन्हा गल्लीतच मिळते. रस्त्यावरची कुत्री आपल्या पिल्लांना कायम राखत नाही. पिल्ले वाढत जातात तशी आईची काळजी कमी होत जाते. ती त्यांना अंगावर पिऊ देईनाशी होते आणि दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लांशी तर अन्नाच्या तुकड्यासाठी भांडतेही. रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७४ साली हा 'आई व अपत्य यांच्यातला हितसंघर्ष' सिद्धांतरूपाने मांडला. आईच्या दृष्टीने पिल्लू आपल्या पायावर उभे राहिले की त्याच्यावर आणखी शक्ती खर्च करणे तोट्याचे असते, कारण पुढच्या वेतासाठीही काही राखून ठेवायचे असते. पालांच्या नोंदींतील नरांचा पहाराही सहा-आठ आठवड्यांचाच होता, हे आठवावे.

ही मुदत पिल्लाच्या हिताचीही असते. परक्या कुत्र्याशी कसे वागायचे हे पिल्लू परक्या कुत्र्याशी गाठ पडल्यावरच शिकते. कुत्र्यांची एक भाषा आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलायचा, याचा अर्थ 'आता मी जे करीन ते खेळ समज'. मार्क बेकॉफ यांनी १९९५ साली दाखवले, की ही खूण कुत्री वाटेल तेव्हा करत नाहीत. चावून जोराने डोके झटकणे यासारख्या, गैरसमज होऊ शकेल अशा कृतीच्या अगदी आधी किंवा नंतर ती विशेषकरून केली जाते. किती जोरात चावले तर समोरचा खेळ सोडून निघून जातो, हेही असेच अनुभवाने समजते. राणी प्रत्येक भेट मोडून काढत असेल, तर बंड्या ही भाषा शिकणार कोठे? शिवाय परके कुत्रे दिसले की राणी भडकते, हे तो रोज पाहतो. थोड्याच दिवसांत तोही तिच्या सुरात सूर मिळवून भुंकू लागतो, आणि मग एका कुत्रीचा प्रश्न दोन कुत्र्यांचा होतो.

प्रत्येक वेळी मिळणारे बक्षीस

गल्लीत जी राखण आपोआप संपते ती घरात का संपत नाही? हा टिंबर्गन यांचा चौथा प्रश्न. डी.एड. किंवा बी.एड. करताना शिक्षकांनी शैक्षणिक मानसशास्त्रात थॉर्नडाइक यांचा परिणामाचा नियम अभ्यासलेला असतो. ज्या कृतीनंतर समाधानकारक परिणाम होतो ती कृती दृढ होते, असा तो नियम. तो येथे तंतोतंत लागू पडतो.

राणी धावून जाते, तेव्हा काय घडते ते टप्प्याटप्प्याने पाहा. समोरून परके कुत्रे येते. राणीला ताण येतो. ती भुंकत झेपावते. समोरच्या कुत्र्याचा मालक घाईघाईने आपले कुत्रे ओढून नेतो. परके कुत्रे दिसेनासे होते आणि राणीचा ताण उतरतो. नको असलेली गोष्ट दूर होणे हेही एक बक्षीसच आहे. स्किनर यांच्या परिभाषेत याला ऋण प्रबलन म्हणतात. खरे पाहता तो मालक तसाही पुढे निघून जाणारच होता. पण राणीच्या लेखी मात्र तिने हाकलले म्हणून तो गेला. दिवसाला दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत तीन-चार कुत्री धरली, तर महिन्याला दोनशेच्या आसपास धडे झाले. असा सराव वर्गातल्या कोणत्या विषयाला मिळतो?

त्यात साखळीची भर पडते. मोकळे कुत्रे ताण आला की बाजूला वळू शकते, वळसा घालून जाऊ शकते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायची वाट नसते, तेव्हा उरते ती चढाई. मालकही समोरून कुत्रे येताना दिसले की नकळत साखळी आखडतो आणि आवाज चढवतो. मग साखळी ताणली जाणे हीच राणीसाठी संकटाची खूण होऊन बसते. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगात घंटा ऐकून लाळ सुटत असे, तसेच हे.

राखण, भीती की आणखी काही?

उपायांकडे वळण्याआधी एक शंका काढून टाकली पाहिजे. राणी खरोखर बंड्याचीच राखण करते आहे का? दिसायला सारखी असणारी वर्तने मुळात वेगळी असू शकतात. मिशिगन विद्यापीठातील कॅमिल वॉर्ड, बार्बरा स्मट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वेतातील पिल्लांच्या खेळाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. दोघांच्या झटापटीत तिसरे पिल्लू मध्ये पडते, तेव्हा ते दुबळ्याची बाजू घेत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात वय वाढलेली पिल्ले बहुधा खाली पडलेल्यावरच तुटून पडत. पाहणाऱ्याच्या मनातली गोष्ट आणि प्राण्याचे वर्तन यांत असे अंतर असू शकते.

सुदैवाने याची परीक्षा साध्या प्रयोगाने घेता येते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आपण मुलांना शिकवतोच. राणीला चार परिस्थितींत, सुरक्षित अंतरावरून, परके कुत्रे दिसू द्यावे:

१. राणी एकटी, बंड्या घरी.
२. राणी आणि बंड्या शेजारी शेजारी.
३. बंड्या सोबत आहे, पण दुसऱ्या माणसाकडे, वीस-पंचवीस पावलांवर.
४. राणी आणि बंड्या एकत्र, पण साखळी नेहमीच्या माणसाऐवजी घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हाती.

राणी एकटी असतानाही तितकीच भडकत असेल, तर हे बंड्याचे रक्षण नव्हे. तिला स्वतःलाच परक्या कुत्र्यांची भीती वाटते आणि बंड्या हे निमित्त आहे. बंड्या जवळ असतानाच भडकत असेल तर राखणीची शक्यता अधिक. बंड्या दूर असताना, परके कुत्रे त्याच्याकडे जाताना पाहून ती अस्वस्थ होत असेल तर ही शक्यता आणखी बळावते. ठराविक माणसाच्या हातीच ती असे करत असेल, तर त्या माणसाच्या साखळी धरण्याच्या पद्धतीकडे पाहावे किंवा ती त्या माणसाचीच राखण करते आहे का हे तपासावे. प्रत्येक स्थितीत परके कुत्रे किती पावलांवर असताना राणीचे अंग ताठ झाले, ते वहीत लिहून ठेवावे. हे अंतर पुढे फार उपयोगी पडते. त्याला आपण उंबरठ्याचे अंतर म्हणू.

वही उघडण्यापूर्वी मात्र जनावरांच्या डॉक्टरांना दाखवणे इष्ट. सांधे दुखत असतील किंवा नजर अधू झाली असेल तर सोशीक कुत्रेही चिडखोर होते. शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीत माजानंतर साधारण दोन महिन्यांनी कधी कधी खोटी गर्भावस्था दिसते. तेव्हा ती खेळणी किंवा दुसऱ्याचे पिल्लू जवळ घेऊन बसते आणि कोणाला फिरकू देत नाही. अशा वेळी उपाय वेगळा असतो.

आवरायचे कसे?

उद्देश स्पष्ट असावा. राणीचे बंड्यावरचे प्रेम कमी करायचे नाही. गल्लीत निसर्ग जी मुदत घालतो ती घरात आपण घालायची आहे. त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, सराव बंद करणे. महिन्याला दोनशे धडे चालू असताना नवा धडा शिकवता येत नाही. म्हणून काही आठवडे वर्दळीची वेळ आणि अरुंद वाटा टाळाव्यात. समोरून कुत्रे येताना दिसले की उंबरठ्याच्या अंतराआधीच वळावे किंवा रस्ता ओलांडावा. एक प्रसंग घडला तर त्या दिवशी आणखी परीक्षा पाहू नये. शरीरातली उत्तेजना लगेच ओसरत नाही आणि दुसऱ्या प्रसंगी कुत्रे अधिक लवकर भडकते.

दुसरी गोष्ट, परक्या कुत्र्याचा अर्थ बदलणे. उंबरठ्याच्या अंतराच्या बाहेर, राणी शांत असताना, परके कुत्रे दिसले की लगेच तिला आवडीचा खाऊ द्यावा. ते दिसेनासे झाले की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुत्रे, मग खाऊ. उलट केले तर खाऊ हीच संकटाची सूचना ठरते. काही दिवसांनी परके कुत्रे दिसताच राणी त्याच्यावर झेपावण्याऐवजी वळून आपल्याकडे पाहू लागते. तसे झाले की अंतर दोन-चार पावलांनी कमी करावे. ती ताठ झाली तर आपण घाई केली असे समजून मागे यावे. हे आठवड्यांचे काम आहे, दिवसांचे नाही.

तिसरी गोष्ट, पहारेकऱ्याचे काम आपल्याकडे घेणे. 'मागे ये' यासारखी एक हाक घरात, अंगणात, मग रस्त्यावर अशी पायरी पायरीने पक्की करावी. परके कुत्रे दिसले की राणीला हाकेने मागे घ्यायचे आणि माणसाने दोघांच्या पुढे उभे राहायचे. बंड्याकडे येणारे दांडगट कुत्रे आपणच अडवायचे. आपल्या वाट्याचे काम दुसरे कोणी भरवशाने करते असा अनुभव पुन्हा पुन्हा आला, की राणीला पुढे व्हायचे कारण उरत नाही.

चौथी गोष्ट, बंड्याला त्याचा स्वतःचा वेळ देणे. लसीकरण पूर्ण झालेले असताना त्याला रोज थोडा वेळ राणीशिवाय बाहेर न्यावे. शांत, समजूतदार मोठ्या कुत्र्यांशी त्याच्या ओळखी होऊ द्याव्यात. ती कुत्री त्याला खेळवतील आणि मर्यादा ओलांडली तर गुरगुरून समजही देतील. ती समज त्याला हवीच आहे. बंड्या जगात वावरायला शिकला, की त्याला पाहून इतर कुत्रीही कमी बिथरतात आणि राणीपुढचे प्रसंगच घटतात. घरातही दोघांची जेवणाची भांडी आणि झोपायच्या जागा वेगळ्या असाव्यात.

राणीचा प्रत्येक हस्तक्षेप मात्र थांबवू नये. खेळ फार चढला असता एखादे मोठे कुत्रे सैल अंगाने दोघांच्या मधून चालत जाते आणि खेळ शांत होतो. हे कुत्र्यांच्या समाजातले शहाणपण आहे. अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर रोखलेली आणि शेपूट उंच असेल, तेव्हाच मध्ये पडावे.

दांडका का नको?

'तिला एकदा चांगली बडवा, मालक कोण ते कळू द्या', असा सल्ला देणारे भेटतातच. या सल्ल्यामागे एक जुनी समजूत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे एका आवारात कोंडल्यावर सत्तेसाठी झगडत, असे त्यातून दिसले, आणि तोच लांडग्यांचा स्वभाव मानला गेला. रानातल्या लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट केले, की नैसर्गिक कळपाचे पुढारी म्हणजे साधे आईबाप असतात. पुढारीपण त्यांना भांडून मिळवावे लागत नाही.

शिवाय शिक्षेचा परिणाम मोजलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय वर्तन-चिकित्सालयात आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली, त्यांपैकी ४३ टक्के मालकांच्या कुत्र्यांनी त्यावर आक्रमक प्रतिक्रिया दिली. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. याचे कारण आपण वर पाहिलेच आहे. परके कुत्रे दिसले की मार बसतो, असे राणी शिकली तर तिच्या दृष्टीने परके कुत्रे अधिकच वाईट ठरते. आणि गुरगुरल्याबद्दल मार बसत राहिला तर ती गुरगुरणे सोडते, चावणे नव्हे. गुरगुरणे ही धोक्याची घंटा आहे. घंटा काढून टाकल्याने आग विझत नाही.

कुत्र्याने कातडी फाटेल असा चावा घेतला असेल, घरात लहान मुले असतील किंवा स्वभावात अचानक बदल झाला असेल, तर घरगुती प्रयोगांवर विसंबू नये. पशुवैद्य आणि जाणकार प्रशिक्षक यांची मदत घ्यावी, आणि तोवर बाहेर नेताना जाळीचे मुसके हळूहळू सवय लावून घालावे.

शाळेच्या आवारात

हा विषय पाळीव कुत्र्यांपुरता नाही. शाळेच्या जिन्याखाली किंवा कुंपणालगत एखादी कुत्री वितेच. पिल्ले गोजिरवाणी असतात, मुले त्यांना उचलू पाहतात आणि एरवी गरीब असलेली कुत्री अंगावर येते. तिच्या बाजूने पाहता हे वर्तन चुकीचे नाही. पाचातली चार जगणार नाहीत अशी पिल्ले ती राखते आहे. म्हणून मुलांना नेमके सांगावे. पिल्लांना उचलू नये. आई आणि पिल्ले यांच्या मध्ये जाऊ नये. राखणीला आईखेरीज दुसरे कुत्रेही असू शकते, हे ध्यानात ठेवावे. कुत्री गुरगुरली तर पळू नये, ओरडू नये, तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. हात अंगाशी ठेवून थबकावे आणि मग सावकाश मागे सरावे. शाळेने तो कोपरा दोन-अडीच महिने दोरी बांधून किंवा विटा रचून वेगळा ठेवला, तर दोन्ही पक्षांची सोय होते. मुदत संपली की कुत्री आपोआप निवळते.

तरीही कोणाला चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची असले काही जखमेवर लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

वर्गासाठी एक प्रकल्प

आठवी-नववीची मुले हा विषय निरीक्षणाने शिकू शकतात. गच्चीवरून किंवा खिडकीतून दिसेल असे एखादे वेत निवडावे. आधी एक वर्तनसूची करावी. पाजणे, चाटणे, जवळ झोपणे, खेळणे, परक्यावर भुंकणे, परक्याला हुसकणे, पिल्लावर गुरगुरणे एवढे पुरे. मग रोज ठराविक वेळी दहा मिनिटे, दर मिनिटाला एकदा, कोण काय करते याची नोंद करावी. दोन गटांनी एकाच वेळी वेगवेगळ्या नोंदी केल्या तर त्या किती जुळतात हेही तपासता येते. आठ आठवड्यांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की राखण कशी कमी होत जाते आणि पिल्लावर गुरगुरणे केव्हा सुरू होते, ते मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल. पिल्ले मध्येच दिसेनाशी झाली तर तीही नोंद करावी.

आलेख पुरा झाल्यावर वर्गाला एक प्रश्न जरूर विचारावा. आईने पिल्लावर गुरगुरायला सुरुवात केली, ते तिचे प्रेम संपले म्हणून की तिचे काम पुरे होत आले म्हणून? मुले काय उत्तरे देतात, ते आम्हाला अवश्य कळवा.